रॉम्नींचं मॅसॅच्युसेट्स विसरू नका

लेखात अमेरिकेतले रिपब्लिकन नेते मिट रॉम्नी यांना सरसकट ‘सर्वांसाठी आरोग्यविम्याचे विरोधक’ ठरवलंय, ते पटलं नाही. एप्रिल २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर असताना आरोग्यविमा सक्तीचा करणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली, तीही विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर टेड केनेडी यांच्या उपस्थितीत. राष्ट्राध्यक्ष ओबामांचा २०१० चा देशव्यापी आरोग्यविमा कायदा बराचसा त्याच साच्यातला. हां, कर्मचाऱ्यांना विमा न देणाऱ्या मालकांवरचा माणशी २९५ डॉलरचा भुर्दंड त्यांनी नाकारला होता. विधिमंडळाने तो नकार फिरवला, ते श्रेय त्यांचं नव्हे. पण राज्यात विमा नसलेले लोक झपाट्याने कमी झाले, हे खरंच. माझा राग २०१२ चा आहे. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ओबामांविरुद्ध उभे राहून हेच गृहस्थ ओबामांचा कायदा रद्द करायला निघाले! राज्यांनी आपापलं ठरवावं, हा त्यांचा युक्तिवाद टेक्सासमधल्या विमा नसलेल्या आजाऱ्याच्या काय कामाचा?