मोहोळच्या दादांना उत्तर: गाईड कशाला, आणि माळावर का नको

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून जरा लांबण लावते. मनालीजवळच्या डोंगरात गाईडबरोबर केलेल्या क्वाड बाईकच्या, म्हणजे जाड टायरांच्या, हँडलनं वळवायच्या उघड्या चारचाकी गाडीच्या सफरीवर मी लिहिलं होतं. ज्यांनी प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी ती इथे देते (त्यातला नान्नज-वडाळ्याचा माळ म्हणजे आपल्या सोलापूरजवळचं गवताळ रान):

"ताई, पैसे मोजून शेरडांसारखं एकामागं एक चालायचं, याला साहस म्हणायचं का? पंचवीस वर्षं ट्रॅक्टर हाकतोय, मला गाईड कशाला पाहिजे? माझा पुतण्या मे महिन्यात मनालीला जाऊन आला. म्हणाला, गाडीत दमच नव्हता, गाईडनं मुद्दाम आवळून ठेवलेली. त्यापेक्षा आपला नान्नज-वडाळ्याकडचा माळ मोकळा पडलाय. चार गाड्या आणून सोडा. पोरांना रोजगार मिळंल आणि लोकांचं मनालीचं भाडं वाचंल."

ट्रॅक्टरपासून सुरू करते. त्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, म्हणून पुढचं तुम्हाला चटकन पटेल.

डिफरन्शियल म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी जोडणी. चिखलात एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं की तुम्ही डिफरन्शियल लॉक लावता. दोन्ही चाकं एका वेगानं फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. वळायच्या आधी मात्र ते लॉक तुम्ही आठवणीनं सोडता, कारण लॉक असताना स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच रेटत राहतो. डोंगरात भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक क्वाड बाईकना मागं डिफरन्शियलच नसतं. दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर बसवलेली असतात. म्हणजे तुमचं ते लॉक कायमचं लागलेलं, आणि सोडायची सोय नाही. आतलं चाक थोडं घसरलं तरच गाडी वळते. त्यासाठी चालवणाऱ्यानं अंग पुढं आणि वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं, बाहेरच्या फूटरेस्टवर दाब द्यायचा. सीटवर ताठ बसून नुसतं हँडल फिरवणारा माणूस पहिल्याच वळणावर सरळ जातो, आणि डोंगरात सरळ म्हणजे दरीकडे.

दुसरी गोष्ट वजनाची. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपासचा. त्यावर सत्तर किलोचा माणूस डावीकडे कलला काय नि उजवीकडे कलला काय, ट्रॅक्टरला काही फरक पडत नाही. क्वाड अडीचशे-तीनशे किलोची. तिच्यासाठी सत्तर किलो म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. तुमचं अंग हा त्या गाडीचा हलता भागच असतो. चढावर पुढं सरकायचं, उतारावर मागं, आडव्या उतारावर वरच्या अंगाला. सीट एवढी लांब असते ती यासाठीच, मागं कुणाला बसवायला नव्हे. आपल्याकडे लांब सीट दिसली की नातवाला पुढं आणि सुनेला मागं घ्यायची सवय आहे. एकट्यासाठी बनवलेल्या क्वाडवर दुसरं माणूस बसलं की पहिल्याला सरकायला जागा उरत नाही, आणि वजन मागं गेल्यानं चढावर पुढची चाकं हलकी होतात. चांगला गाईड याला साफ नकार देतो. तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये.

सवयी आड येतात त्या अशा. मोटरसायकलवाला तोल गेला की पाय खाली टेकवतो. क्वाडवर पाय टेकवला की मागचं चाक त्याच पायावर चढतं. ट्रॅक्टरवाला चढावर इंजिन बंद पडलं की गाडी मागं उतरू देतो आणि मग ब्रेक मारतो. क्वाड मागं घरंगळत असताना मागचा ब्रेक एकदम दाबला तर पुढची बाजू उचलते आणि गाडी उलटून अंगावर येते. म्हणून गाईड सुरुवातीलाच सांगून ठेवतात, की चढावर बंद पडलात तर तिथेच ब्रेक धरून अंग पुढं झुकवा, हात वर करा, आम्ही येतो. वाक्य एवढंसं, पण मला विचाराल तर सगळ्या सफरीत सगळ्यात मोलाचं तेच.

तुमच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. ऑस्ट्रेलियात क्वाड मुख्यतः शेतीच्या कामाला वापरतात, आयुष्यभर यंत्रं हाताळलेले शेतकरी वापरतात. तरीही गाडी उलटून तिच्याखाली माणूस सापडण्याचे अपघात इतके झाले, की शेतीकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला चालकाचं रक्षण करणारी चौकट बसवणं तिथल्या सरकारनं ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचं केलं. त्याच्या खूप आधी, १९८८ साली, अमेरिकेत सरकार आणि कंपन्या यांच्यात करार होऊन या गाड्यांच्या तीनचाकी भावंडांची विक्रीच थांबली, आणि नव्या ग्राहकाला शिकवण्याची जबाबदारी कंपन्यांनी पत्करली. मोठ्या क्वाडवर सोळा वर्षांखालच्या मुलानं बसू नये, असं लेबल कंपनीच गाडीवर लावते. शिकवल्याशिवाय ही गाडी हातात देऊ नये, हे बनवणाऱ्यांनीच मान्य केलेलं आहे.

आता पुतण्याची तक्रार. त्याचं निरीक्षण खरं आहे. गाडीत दम कमी होता, आणि त्याची कारणं दोन. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, मनालीजवळचं सोलंग खोरं अडीच हजारांच्या आसपास. उंचीवर हवा विरळ होते, आणि साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के घटते. आपल्या इथल्या मानानं तिथे पाचवा हिस्सा तरी असाच जातो. कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) मैदानातल्या हवेला लावलेला असेल तर इंजिन घुटमळतं ते वेगळंच.

दुसरं कारण तुमचं, गाईडनं आवळून ठेवलेलं. तेही बरोबर. क्वाडचा अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्यानं दाबायचा असतो, आणि त्याच्या आवरणालाच एक स्क्रू असतो. तो आत घेतला की अंगठा ठरावीक मर्यादेपलीकडे दाबताच येत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की माणूस घाबरून हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरताना अंगठाही दाबला जातो. थांबायच्या क्षणी गाडी उसळते. नवखा चालक असेल तर तो स्क्रू आवळलेला असणं हेच सफर नीट चालल्याचं लक्षण. मनगटाला बांधायची दोरी तशीच. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद होतं. पुतण्याला विचारा, दोरी दिली होती का? नसेल दिली, तर तक्रार त्याची करायला हवी होती.

रांगेचं म्हणाल, तर ती रांग कशी लावतात हे पाहण्यासारखं असतं. आधी सपाट जागेवर सगळ्यांना आठाच्या आकड्यात फिरवतात, एकदम थांबायला लावतात. तेवढ्यात गाईडला कोण उतावीळ, कोण घाबरट आणि कोणाला ऐकू आलेलं नाही हे कळतं. मग सगळ्यात कच्चा चालक त्याच्या लगेच मागं, आणि सगळ्यात शेवटी दुसरा गाईड. पुढच्याची धूळ खाली बसेल एवढं अंतर. ओव्हरटेक नाही. ओढा आला की एकेकानं, सरळ आणि हळू. ओढणी, पदर, मफलर यांतलं काहीही मोकळं असलं तर गाडी चालू करू देत नाहीत, कारण ते चेनमध्ये किंवा अ‍ॅक्सलमध्ये गुंतलं तर माणूस मागं खेचला जातो. आमच्या गाईडनं एका बाईंना ओढणी काढून बॅगेत ठेवायला लावली. त्यांच्या घरच्यांना ते रुचलं नाही, पण तो हटला नाही. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

याला साहस म्हणायचं का? मी म्हणते. डोंगराच्या कडेनं तुमचं अंगच गाडीचा तोल सांभाळतंय, एक बाजू उघडी आहे, आणि पुढच्या माणसानं जिथून गाडी घेतली तिथूनच आपल्यालाही घ्यायची आहे. त्यात पुरेसं साहस आहे. पुढच्याला मागं टाकण्यात ते वाढत नाही.

पण रांगेचं मोठं कारण माणसांचं नाही, मातीचं आहे, आणि इथूनच मला तुमच्या माळाच्या सूचनेकडे यायचं आहे.

क्वाडच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, पाच पीएसआयच्या आसपास, म्हणजे मोटरसायकलच्या टायरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. त्यामुळे उभी क्वाड जमिनीला फारसा दाब देत नाही, माणसाची टाचही त्याहून जास्त देईल. विक्रेते हे आवर्जून सांगतात, आणि ते खोटं नाही. पण नुकसान उभ्या गाडीनं होत नाही. ते होतं चाक जागच्या जागी फिरतं तेव्हा, आणि वळताना ते घसरतं तेव्हा. मघाच्या त्या अखंड अ‍ॅक्सलमुळे प्रत्येक वळणावर एक चाक जमीन खरवडतच जातं. डोंगरातला जुना जीपचा रस्ता ते सोसतो, कारण तिथली माती आधीच दबलेली असते, खाली मुरूम-दगड असतो आणि पाणी तोडायला आडवे चर काढलेले असतात. गाईड सगळ्यांना त्या एकाच वाटेवर ठेवतो. वाट सोडून दहा गाड्या दहा दिशांनी गेल्या तर पुढच्या पावसात दहा ओघळ पडतात.

आता आपला माळ डोळ्यांसमोर आणा. वर वीतभरसुद्धा नसलेली माती, खाली मुरूम. त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल. पाऊस थोडा आणि लहरी, म्हणून एकदा सोललेली जागा पुन्हा गवतानं भरायला वर्षं लागतात. वाफसा नसताना रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि शेत तुम्ही पुन्हा नांगरून दुरुस्त करता, माळ कोण नांगरणार? नांगरला तर तो माळ राहत नाही.

दादा, मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा नाही. नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं ते याच गवतासाठी. आज माळढोक जगात दीडशेच्या आसपास उरलेत आणि नान्नजला त्याचं दर्शन दुर्मिळ झालंय. तो उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. टिटवीची अंडीही तशीच उघड्यावर, दगडांत मिसळून गेलेली. चालणाऱ्या माणसालाही ती पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत, क्वाडवरच्या माणसाला दिसायचा प्रश्नच नाही. लांडगे याच माळावर पिल्लं वाढवतात, काळवीट इथेच चरतात. अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. पण हद्दीबाहेरचं गवतही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं, कारण पक्ष्याला हद्दीचा खांब कळत नाही. नान्नज-वडाळ्याच्या माळावर या गाड्या येऊ नयेत, एवढंच नाही, त्या येणार असं कळलं तर मी विरोधाला उभी राहीन.

रोजगाराचा मुद्दा मात्र मला मनापासून पटतो, आणि तो गाईडच्याच मुद्द्याला जोडलेला आहे. गाईड नको म्हटलं की रोजगार कुठे उरतो? गाड्या घेणारा एक, तिकीट फाडणारा एक. गाईड ठेवले, शिकवलेले ठेवले, तर पाच-सहा गाड्यांमागं दोन पोरं हवीत. शिवाय टायर, ब्रेक, चेन पाहणारा मेकॅनिक. तो तर आपल्या तालुक्यात गल्लोगल्ली आहे, ट्रॅक्टर उघडणाऱ्याला क्वाड अवघड नाही.

जागाही आहेत. काम संपून पडलेल्या खडीच्या खाणी आपल्या जिल्ह्यात आहेत, तिथलं गवत आणि माती कधीच गेलेली आहे. बार्शीच्या पुढं बालाघाटच्या उतारांवर खासगी रानांतून जुन्या गाडीवाटा आहेत. मालकाची संमती, ग्रामपंचायतीचा ठराव, आखलेली एकच वाट, चर काढलेले, आणि पावसाळ्यात पूर्ण बंद. उन्हाळ्यातही दुपारी नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. त्या उन्हात हेल्मेट घालून, दोन पायांमधल्या तापलेल्या इंजिनावर बसवणं म्हणजे पाहुण्याला थेट दवाखान्यात पोचवणं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळच्या वेळी, हा धंदा होऊ शकतो. मनालीची उंची आणि बर्फाचे डोंगर इथे मिळणार नाहीत, ते पाहायला लोक जातीलच आणि जावं. पण क्वाड नीट चालवायला शिकायची जागा सोलापूरजवळ झाली, तर तिथे जाणारा माणूस निदान शिकून जाईल.

तुमच्या ओळखीत मोहोळ-बार्शीकडे अशी पडीक खाण किंवा गाडीवाट असलेलं रान असेल, तर खाली नक्की कळवा. जागा पाहायला मी पावसाळ्यातच येईन, पाणी कुठून वाहतं ते आधी कळायला हवं. आणि पहिल्यांदा आठाच्या आकड्यात फिरवायला लावतील तेव्हा तुम्ही स्वतः बसून बघा. ट्रॅक्टरवाल्याला कुठे अडतं हे तुमच्याइतकं नेमकं पोरांना दुसरं कुणी सांगू शकणार नाही.