उगाच कशाला पांढरं घालता?

हे वाक्य मला मंगळवारी भर दुपारी, दिल्लीत रेल भवनाच्या चौकात, सत्तरी उलटलेल्या एका शेतकऱ्याने ऐकवलं. आज शुक्रवार. कुर्ता धुऊन, वाळून, घडी होऊन कपाटात गेला. वाक्य अजून दोरीवरच आहे.

मेव्हणीच्या नातवाचं बारसं नोएडात होतं, म्हणून आम्ही दिल्लीत. बारसं आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. आमच्याकडच्या एका कार्यकर्त्याने निघण्यापूर्वी चहा पिता पिता सांगितलं होतं, “संसद बघायचीय? तुम्ही फक्त गेटवर जाऊन नाव सांगा. पास तयार असेल. आणि हो, मोबाइल नेऊ नका, आत घेत नाहीत.” त्यातलं मोबाइलचं तेवढं खरं होतं. आता वाटतं, मला तिथून त्याला फोन करता येऊ नये म्हणूनच त्याने ते इतक्या आपुलकीने सांगितलं असावं.

पांढरा कुर्ता हिने काढून दिला. “संसदेत जाताय, चौकड्याचा शर्ट घालून जाऊ नका.” कुर्ता चार दिवस बॅगेच्या तळाशी होता, त्यामुळे त्यावर आडव्या-उभ्या घड्यांचा सातबाराच उमटला होता. मेव्हणीकडे इस्त्री मागायची मला लाज वाटली. वरून जाकीट घातलं की झाकतं, म्हणून जाकीटही चढवलं. जुलैत, दिल्लीत.

रिक्षावाल्याला म्हटलं, “पार्लमेंट.” तो म्हणाला, “स्ट्रीट?” मला वाटलं, दिल्लीकडे आदराने असं म्हणत असतील. मी मान हलवली. त्याने मला पार्लमेंट स्ट्रीटच्या वरच्या टोकाला, जंतरमंतरपाशी उतरवलं आणि मी सुटे काढेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायलाही लागला. आता त्या रस्त्याला संसद मार्ग म्हणतात, पण रिक्षावाले म्हणत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. राजपथाचा २०२२ साली कर्तव्यपथ झाला, त्याआधी रेसकोर्स रोडचा लोककल्याण मार्ग झाला, २०२३ साली नवी संसद झाली आणि जुन्या गोल इमारतीचं नाव संविधान सदन पडलं. माणसाने लक्षात तरी किती ठेवायचं? आम्ही अजून अहिल्यानगरला जाताना नगरचंच तिकीट मागतो.

तिथून चालत निघालो. पटेल चौकापाशी सरदार उभे, पुढे रिझर्व्ह बँकेच्या दारात रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी. यक्षाच्या हातात पैशाची थैली आहे. दारावरचा राखणदारच असा असल्यावर आतल्यांना वेगळी पाटी लावायची गरज नाही. मग आकाशवाणी भवन, परिवहन भवन, आणि त्यानंतर भवनांची जी रांग सुरू होते ती संपतच नाही. रेल भवन, कृषी भवन, शास्त्री भवन, उद्योग भवन. सगळी एका आईची लेकरं दिसतात. पाटी नसेल तर कुठल्या दारात खताबद्दल विचारायचं आणि कुठल्या दारात रेल्वेच्या थांब्याबद्दल, हे बाहेरून कळायची सोय नाही. रस्ता विचारला की दिल्लीचा माणूस रस्ता सांगत नाही. तो विचारतो, “किससे मिलना है?” मला कोणाला भेटायचं नव्हतं. मला एक इमारत बघायची होती. हे उत्तर तीन जणांना दिलं. तिघांनीही माझ्याकडे, मी काहीतरी लपवतोय, असं बघितलं.

रेल भवनाच्या चौकात झाडाखाली टेकलो. तेवढ्यात मागून अस्सल मराठीत हाक आली, “सायेब, रामराम!”

परमुलखात मराठी ऐकली की माझी अक्कल पहिल्यांदा रजेवर जाते. मी वळून हात जोडले, आणि तिथेच फसलो. गांधीटोपी, धोतर, काखेत नाडीची फाइल, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. “श्रीगोंद्याकडचा,” त्यांनी सांगितलं. झेलमने आले होते, ही चौथी खेप. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढून माझ्या ओंजळीत ठेवला, आणि ओंजळ अशी गुंतल्यावर फाइल उघडली.

“सायेब, वाईच नजर टाका.”

प्रकरण बांधाचं होतं. शेजाऱ्याने दरसाल एकेक सरी करत तीन गुंठे आत घेतले होते. फाइलीत सातबारा, फेरफार, हाताने काढलेला नकाशा, त्यावर लाल शाईने “हा चोर” असा बाण, आणि शेजाऱ्याच्या बैलाचा एक फोटो. बैल कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, “ह्योच बैल औताला व्हता. पुरावा नको?”

मी कुर्त्याला हात पुसून एकेक कागद वाचला. तिसरं पान तर दोनदा वाचलं. आयुष्यात एवढ्या अपेक्षेने माझ्याकडे कोणी बघितलेलं नव्हतं, माझ्या लग्नात सासऱ्यांनीसुद्धा नाही. मी गंभीर झालो. घसा खाकरला. “मामा,” म्हटलं, “जमीन हा राज्याचा विषय आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूची आहे, त्यात येतो. दिल्लीत याचं काही होणार नाही. तुम्ही तहसीलदाराकडे जा.”

ते शांतपणे म्हणाले, “तहसीलदार म्हन्ला मोजणी आना. मोजणीवाला म्हन्ला तारीख घ्या. तारीख आली तवा पाऊस आला. पाऊस गेला तवा मोजणीवाला गेला, बदलीवर. तुमी म्हंता राज्याचा विषय. मंग घटना हितं का ठिवली?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी, अशा वेळी शिकलेला माणूस जे करतो ते केलं. माहिती द्यायला लागलो. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला इथेच सेंट्रल हॉलमध्ये झाली. ही गोल इमारत हर्बर्ट बेकर आणि लुटियन्स यांनी आखली, १९२७ साली तिचं उद्घाटन झालं. बाहेर १४४ खांब आहेत.

“येकशे चव्वेचाळीस?” मामांनी भुवया उंचावल्या. “जमावबंदीचं कलम?”

खरंच की. देशभरचे लोक एकत्र बसावेत म्हणून बांधलेल्या इमारतीला खांब किती, तर १४४! मला हे पन्नाशीपर्यंत सुचलं नव्हतं. (आता नव्या कायद्यात ते कलम १६३ झालंय. खांब मात्र तेवढेच राहिले.) मी चढत गेलो. म्हटलं, लोकसभेचे पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर. आवारातला बसलेल्या गांधीजींचा पुतळा आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांनी घडवलेला.

“आन म्हाराजांचा?”

“महाराजांचाही पुतळा आहे. २०२४ साली सगळे पुतळे एका जागी, प्रेरणास्थळावर नेले.”

“म्हाराजांनला हलवलं?” त्यांनी क्षणभर फाइल मिटली. “म्हंजी जागा सरकवायची हितंबी चाल हाय म्हना.”

मग ते खाली वाकले, आवाज बारीक केला आणि विचारलं, “सायेब, तुमी कोन्त्या मतदारसंघाचे?”

इथे खोटं बोलायला हवं होतं. निदान “चौकशी करतो” म्हणायला हवं होतं. ते कोणीही म्हणतं, त्याला पद लागत नाही. पण मी हसत हसत म्हणालो, “छे हो मामा, मी कसला! मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. नुसती संसद बघायला आलोय.”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे टोकापासून टोकापर्यंत बघितलं. नजर कुर्त्याच्या घड्यांवर एकेक करत थांबत गेली. मग त्यांनी माझ्या हातातली तिन्ही पानं काढून घेतली. “झेराक्स हाय. पाच रुपयाला येक पडती.” शेंगदाणे मात्र परत मागण्याजोगे उरले नव्हते. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि ते वाक्य बोलले.

राग कशाचा आला, ते सांगतो. मी त्यांना फसवलं नव्हतं. एक शब्द खोटा बोललो नव्हतो. उलट सातवं परिशिष्ट फुकटात सांगितलं. तीन गुंठ्यांसाठी माणूस चौथ्यांदा झेलमने दिल्लीला येतो, यात माझा काय दोष? पण आमच्या कचेरीतही लोक असेच फाइल घेऊन येतात, आणि आम्ही त्यांना ‘हा विषय आमच्याकडचा नाही’ हे इतक्या सहजपणे सांगतो, की समोरच्याने झेलम कधी पकडली ते आम्हाला कळतही नाही. असो. तो विषय आमच्याकडचा नाही.

पासाचं थोडक्यात सांगतो. फाटकावर नाव सांगितलं. यादीत नव्हतं. आडनावावरून बघितलं, वडिलांच्या नावावरून बघितलं. तिथला जवान सभ्यपणे म्हणाला, “किसके रेफरन्स से?” मी त्या कार्यकर्त्याचं नाव सांगितलं. जवानाने ते मला दोनदा उच्चारायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ते मलाच खोटं वाटायला लागलं. संध्याकाळी फोन केला तर कार्यकर्ता म्हणाला, “अहो, तुम्ही खरंच गेलात होय?”

कुंपणाबाहेरून जेवढे दिसले तेवढे खांब मोजले. अकरा.

परत मेट्रोकडे निघालो तो त्याच चौकातून. दुसरा रस्ता माहीत नव्हता आणि विचारायची हिंमत नव्हती. झाडाखाली मामा होतेच. त्यांच्यासमोर आणखी एक पांढरा कुर्ता उभा होता, ओंजळीत शेंगदाणे घेऊन, मान खाली घालून तिसरं पान वाचत. मी पलीकडच्या बाजूने, जाकीट काढून, लगबगीने गेलो. त्याच्या कुर्त्याला निदान इस्त्री तरी होती.