'सदर', 'उपरोक्त' आणि 'मालक': एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सवडीनं लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एम.ए.च्या लघुशोधप्रबंधात 'सदर', 'उपरोक्त', 'करण्यात आले', 'दिसून येते' यांचा मारा कमी करा आणि वाक्यं आटोपशीर ठेवा, असं मी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. त्यावर सरांचे आक्षेप तीन. पहिला, प्रबंधाच्या भाषेला वजन हवं, नाहीतर तो वर्तमानपत्रातला लेख होतो. दुसरा, बाहेरचे परीक्षक साधी भाषा खपवून घेत नाहीत आणि भोगावं लागतं विद्यार्थ्याला. तिसरा मला फार लागला. "साधं लिहिणं पुण्यामुंबईच्या पोरांना परवडतं. आमच्या खेड्यातल्या पोरानं साधं लिहिलं की त्याला भाषाच येत नाही म्हणतात. जड भाषा ही त्याची ढाल आहे, मॅडम, ती तुम्ही काढून घेताय."

तिसऱ्यापासूनच सुरू करते, कारण तिथे तुम्ही म्हणता ते खरं आहे. एखाद्यानं 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून अख्खा वर्ग हसलेला मी पाहिलाय. ज्याच्या बोलीला लोक हसले, तो लिहायला बसला की आपली भाषा दाराबाहेर ठेवूनच बसतो. मागच्या लेखात हे माझ्या ध्यानात आलं नाही, ही माझी चूक. पण ती ढाल त्याच पोराचं काय करते, तेही एकदा जवळून बघा.

माझ्याकडे बचत गटांवर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी होती. तिची आई स्वतः गटात. आजूबाजूच्या गावांतल्या बायकांच्या मुलाखती तिनं एसटीनं फिरून घेतल्या होत्या. चौथ्या प्रकरणात तिचं वाक्य होतं: 'सदर अभ्यासातून असे दिसून येते की, बचत गटांच्या माध्यमातून प्राप्त होणाऱ्या कर्जाचा विनियोग काही प्रमाणात पतीकडून करण्यात येतो.' व्याकरणात खोट नाही आणि वजन म्हणाल तर भरपूर. मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" ती जरा घुटमळली, मग पिशवीतून दोनशे पानी वही काढली. त्यात एका बाईचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले होते:

"कर्ज माज्या नावावर हाय, पन पैसा मालकाच्या हातात जातो. हप्त्याला मात्र मलाच बोलावत्यात."

सर, ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. बाईच्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत: कर्ज कोणाच्या नावावर, पैसा कोणाच्या हातात, आणि फेडायचं कोणी. प्रबंधातल्या वाक्यात यातली एकच उरली. हप्ता पार गळाला, आणि खरा निष्कर्ष तर तोच होता. त्यात 'मालक'चं 'पती' झालं. गावाकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात, ते नातंही असतं आणि हक्कही. या बाईनं पैशाच्या संदर्भात तो शब्द वापरला, तेव्हा समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीनं तिथे थांबायला हवं होतं. ती थांबली नाही, कारण तो शब्द तिच्या स्वतःच्या घरातला होता आणि घरातला शब्द प्रबंधात आणायची तिला लाज वाटत होती. तुमची ढाल तिनं धरली खरी, पण त्या ढालीआड तिचं स्वतःचं सगळ्यात मोलाचं काम झाकलं गेलं.

आम्ही ते असं लिहिलं: बाईचे शब्द बोलीतच, अवतरणात, एका अक्षराचाही फरक न करता. त्याखाली तिचं स्वतःचं विवेचन प्रमाण मराठीत: 'कर्ज बाईच्या नावावर, खर्च नवऱ्याच्या हातून आणि परतफेड पुन्हा बाईकडून, अशी विभागणी या मुलाखतीत दिसते. आणखी काही मुलाखतींतही ती आढळली. मात्र एकट्या राहणाऱ्या बायकांच्या बाबतीत ती आढळली नाही.' हे वाक्य साधं आहे, आणि त्याला गावंढळ म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

आता वजनाबद्दल. वाक्याला वजन पुराव्यानं येतं असं मी मानते, आणि ही परंपरा आपल्या मराठीतलीच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी 'लीळाचरित्रा'साठी गोळा केल्या, त्या ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं अशा माणसांना गाठून. महानुभावांनी पुढे पाठभेदही जपले. लीळाचरित्रातली वाक्यं किती छोटी आहेत, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांच्या प्रस्तावना वाचताना हे कोण बोलतंय असा प्रश्न कधी पडत नाही. त्यांची मतं पटोत न पटोत, त्यांना भिडता येतं. 'करण्यात येतो' या वाक्याला भिडायचं कोणी, आणि कुठून?

ही 'करण्यात येते'ची भाषा आपल्याकडे बरीचशी सरकारी कागदांतून आली असं मला वाटतं. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर कारभाराची मराठी घडत गेली आणि शासन निर्णयांचा साचा सगळ्यांच्या हाताला बसला. तिथे तो योग्यच आहे. आदेश खुर्चीचा असतो, आज या साहेबांची सही, उद्या दुसऱ्या. प्रबंधाचं तसं नाही. मुलाखत कोणी घेतली, कुठे घेतली, बाईशेजारी तेव्हा नवरा बसला होता का, यावर त्या मुलाखतीची किंमत ठरते.

परीक्षकांचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. विद्यार्थ्याचं वर्ष पणाला लावून मी माझा आग्रह चालवणार नाही. विभागाला 'मी' चालत नसेल तर 'प्रस्तुत संशोधिकेने मुलाखती घेतल्या' लिहा, माझी काहीच हरकत नाही. त्यात कर्ता आहे. 'मुलाखती घेण्यात आल्या' यात तो नाही, माझं भांडण तेवढंच.

पारिभाषिक शब्द काढा असंही मी कधी म्हटलेलं नाही. 'संस्कृतीकरण' किंवा 'सांस्कृतिक भांडवल' या शब्दांना पर्याय नाही, ते वापरावेतच. फक्त पहिल्यांदा येतील तिथे आपल्या गावातल्या एका उदाहरणानं उलगडून दाखवावेत. उदाहरण सुचत नसेल तर तो शब्द अजून आपला झालेला नाही, असं मी मुलांना सांगते.

आणखी एक धोका आहे, त्याची मला खरोखर काळजी वाटते. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो. तेव्हापासून मुलं सॉफ्टवेअरला चुकवायला शब्द बदलतात. 'महत्त्वाची भूमिका'चा 'मोलाचा कार्यभाग' होतो, 'सक्षमीकरण'चं 'सबलीकरण'. टक्का खाली येतो, पण विचार दुसऱ्याचाच राहतो. जड भाषेत हे सहज खपतं, कारण तिथे सगळ्यांची वाक्यं सारखीच दिसतात. त्या बाईचं 'हप्त्याला मात्र मलाच बोलावत्यात' हे वाक्य आंतरजालावर कुठेही सापडलं नसतं. ते फक्त त्या मुलीच्या वहीत होतं.

'दिसून येते'वर माझा राग का, तेही सांगते. मराठीत खात्रीच्या किती पायऱ्या आहेत! 'हप्ते बायका भरतात', 'भरत असाव्यात', 'भरतो असं त्यांनी सांगितलं', 'भरताना मी पाहिलं'. चारही वाक्यांचा पुरावा वेगळा, दावा वेगळा. सगळीकडे 'दिसून येते' लावलं की या पायऱ्या सपाट होतात, आणि व्हायवात परीक्षकानं "कशावरून?" विचारलं की मुलं चाचरतात. त्यांना उत्तर माहीत असतं. लिहिताना त्यांनीच ते पुसलेलं असतं.

मागच्या लेखातलं 'बोलता तसं लिहा' हे वाक्य मी आज काढून टाकते आहे. ते तुमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत अपुरं होतं आणि त्यातून चुकीचा अर्थ निघत होता. तिथे मुलाखतीतली बोली आणि विवेचनाची भाषा यांवर एक परिच्छेद घालते.

आणि एक विनंती. ज्या विद्यार्थ्याचा प्रबंध परत आल्याचं तुम्ही लिहिलंय, त्याची परवानगी असेल तर मला तो वाचायला आवडेल. पण सर, प्रकरण नंतर पाठवा. आधी त्याची वही पाठवा.