कॉन्स्टंटाइनचे दानपत्र एका शब्दावर पडले नाही

पंधराव्या शतकातला इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्ला याच्याविषयीचा एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. चौथ्या शतकातला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने पश्चिमेचे राज्य पोप सिल्व्हेस्टरला बहाल केल्याचे दानपत्र वाल्लाने १४४० साली एकाच शब्दावरून खोटे ठरवले. हे ओळखणारा तो पहिला. पोपने सूड उगवला आणि पोपची सत्ता कोसळली, असे त्यात असते. यातले साल तेवढे बरोबर आहे.

तो पहिला नव्हता. सम्राट तिसरा ओटो याच्या १००१ च्या सनदेत हे दानपत्र बनावट म्हटले आहे. कुसाचा निकोलस या जर्मन धर्मपंडिताने १४३३ मध्ये, जुन्या विश्वसनीय ग्रंथांत त्याचा मागमूस नाही म्हणून ते नाकारले.

‘एका शब्दावरून’ ही चूक जास्त घातक, कारण तिच्यामुळे वाल्लाची पद्धतच झाकली जाते. भाषेकडे तो बराच उशिरा वळतो. आधी अधिकार तपासतो: असे दान सम्राटाला देता आले असते का, पोपला घेता आले असते का? मग ताबा: राज्य दिले, तर ते हाती घेतले कोणी? कॉन्स्टंटाइननंतरच्या सम्राटांची नाणी सापडतात. रोमवर राज्य केल्याचे सांगणाऱ्या पोपची का सापडत नाहीत? हा पाया घातल्यावर तो मजकूर ओळीओळीने उसवतो. सम्राटाच्या सल्लागारांत ‘सट्रॅप’ आहेत. आपल्या ‘क्षत्रप’चाच हा इराणी भाऊबंद, रोमन दरबारात त्याला जागा नाही. मुकुट सोन्या-रत्नांचा सांगितला आहे, पण ‘डायडेम’ म्हणजे कापडी पट्टी. सर्वांत नेमका घाव कॉन्स्टंटिनोपलचा. दानपत्र त्या शहराला धर्मपीठांत आधीच गणते आणि पुढे तेच सांगते की तिथे नवे शहर वसवायचे आहे!

हे जमले, कारण लॅटिन शब्दांच्या वापराची सहा भागांची मोठी छाननी त्याने स्वतः केली होती. मात्र मोजपट्टी अभिजात लॅटिनची होती, आणि चौथ्या शतकातली भाषा तशी नव्हती. तिथे तो कधी कधी जास्तच कठोर होतो. बनावट आठव्या शतकातली, हा निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांचा.

सूड? वाल्ला तेव्हा आरागॉनच्या अल्फोन्सोचा सचिव होता, आणि अल्फोन्सो नेपल्ससाठी पोप चौथ्या युजीनशी झगडत होता. तेव्हा हे लिखाण राजाच्याही सोयीचे होते. १४४४ मध्ये नेपल्समध्ये धर्मन्यायालयाने त्याला बोलावले ते धर्ममतांच्या प्रश्नांवरून. राजाने त्याला वाचवले. १४४८ मध्ये पोप पाचव्या निकोलसने त्याला स्वतःच्या कचेरीत घेतले, ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसचे लॅटिन भाषांतर करवले. १४५५ मध्ये तो पोपचा सचिव झाला. १४५७ मध्ये त्याला पुरले ते रोममधल्या लॅटेरनच्या, म्हणजे पोपच्या स्वतःच्या चर्चमध्ये.

सत्ताही कोसळली नाही. ग्रंथ छापला गेला १५०६ मध्ये. जर्मन लेखक उलरिख फॉन हुटेनने तो पुन्हा छापल्यावर १५२० मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने वाचला, तेव्हा त्याचा खरा स्फोट झाला. १५५९ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत तो आला, आणि पोपचे राज्य १८७० पर्यंत टिकले.