कडप्प्यावरचा डाग आणि दातांवरचे लिंबू

साखरपुड्याच्या जेवणात भाचीने आइस्क्रीमची वाटी तशीच बाजूला सरकवली. खोदून विचारल्यावर कळले, की गेले पंधरा दिवस ती रोज सकाळी लिंबाच्या फोडीला मीठ लावून दात घासत होती आणि आता साध्या थंड पाण्यानेही तिच्या दातांतून कळ जाते. दात पांढरे दिसत होते, हे मान्य करायला हवे. माझा आक्षेप नेमका त्या पांढरेपणालाच आहे.

ज्यांच्या घरी कडप्प्याचा ओटा आहे, त्यांना तो पांढरेपणा ओळखीचा असेल. लिंबू पिळताना रस सांडला आणि पुसायचा राहिला, की काळ्या दगडावर निस्तेज पांढुरका डाग उमटतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही, कारण तिथे आम्लाने दगडच खाल्लेला असतो. दाताच्या वरच्या कवचाचे, म्हणजे इनॅमलचे, असेच होते. पीएच म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र. इनॅमल साधारण ५.५ पेक्षा कमी पीएचला विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा पीएच असतो २ ते २.५. कैरी खाऊन दात आंबले की आपण हात आखडता घेतो; इथे मात्र तसलेच आम्ल मिठासकट चोळले जाते. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरत नाहीत, त्यामुळे झिजलेले कवच परत येत नाही, आणि त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळसर असल्याने पुढे दात पूर्वीपेक्षाही पिवळे दिसू लागतात.

खाण्याच्या सोड्याला मी या पंक्तीत बसवणार नाही. तो इनॅमलपेक्षा मऊ असतो आणि चहाचे वरवरचे डाग खरोखर काढतो. दाताचा आतला रंग मात्र त्याने बदलत नाही. त्यावर लिंबू पिळले की फसफसून फेस येतो आणि औषध लागू पडत असल्याचा भास होतो, पण तो निव्वळ कार्बन डायऑक्साइड असतो.

कोळशाची तऱ्हा निराळी. आजीची राखुंडी आपण गावंढळ म्हणून टाकली आणि तिचा काळा अवतार ट्यूबमधून आला की खुशाल पैसे मोजतो. कोळशाच्या सुरक्षिततेला आणि परिणामाला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकातील २०१७ च्या आढाव्यात म्हटले होते.

आतला रंग फिका करते ते पेरॉक्साइड. दंतवैद्य दातांच्या मापाचा साचा करून त्यात बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालायला देतात. ही पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिनेही काही दिवस दात शिवशिवतात, आणि कॅप बसवलेल्या दाताचा रंग तर मुळीच बदलत नाही.

भाचीला दंतवैद्यांनी तूर्त यातले काहीच दिलेले नाही. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, आणि लिंबू फक्त वरणभातावर पिळण्यापुरते.