घोकंपट्टीला सरसकट झोडपू नका

‘पाठांतराने भाषा येत नाही’ हे तुमच्या घोकंपट्टीवरच्या लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं. मी मोठ्या माणसांना जर्मन शिकवते. तिथे चंद्र ‘तो’, पण सूर्य ‘ती’! इथे नियम समजावून काही होत नाही. ‘डी झोनं’ (सूर्य) असं आर्टिकलसकट, म्हणजे नामाआधी येणाऱ्या लिंगदर्शक ‘डी’सकट, एकच शब्द असल्यासारखं घोकावंच लागतं. (मुलगी नपुंसकलिंगी, हे मात्र आपल्या ‘ते पोरगं’मुळे चटकन गळी उतरतं.)

चूक घोकण्यात नाही, एका बैठकीत घोकण्यात आहे. तीच मेहनत दोन-तीन दिवसांत विभागली तर कमी आवृत्त्या पुरतात, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून दाखवलं होतं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. आणि नुसती वही चाळणं म्हणजे उजळणी नव्हे. मी वहीतला उजवा रकाना झाकून तिथलं आठवायला लावते, तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.