वाडा आहे म्हणजे पैसा आहे, असं नाही

"पुण्यातला खरा पिढीजात पैसा कोरेगाव पार्कात नाही. तो पेशव्यांपासून पेठांतल्या वाड्यांत गपचूप बसलाय. विटका सदरा, जुनी स्कूटर आणि बँकेत कोटीच्या ठेवी. कडेच्या गावांतले जमीनवाले मात्र कालचे श्रीमंत." या आशयाचा मजकूर सध्या फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी वाडा. माझ्या मावशीचा वाडा शनिवार पेठेत होता. जिन्याखालच्या फळीवर विजेचे नऊ मीटर होते, कारण बिऱ्हाडं नऊ. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली आणि ती तशीच राहिली. 1999 चा कायदा 2000 साली लागू झाला, तेव्हा वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. 18 रुपयांच्या खोलीचं भाडं या हिशोबाने पंचवीस वर्षांत पन्नास रुपयांच्या आसपास पोचतं. मावशीचा कौलं चाळायचा खर्च वर्षाच्या सगळ्या भाड्याहून जास्त यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्याची नोटीस आली की ती देवघराच्या कोनाड्यात घडी करून ठेवायची आणि रात्री पाऊस वाढला की उठून बसायची. भाडेकरूंचाही दोष नव्हता, त्यांच्याकडे तरी कुठे होतं?

"वाडा बिल्डरला दिला की कोटी मिळतात" हेही त्याच मजकुरात आहे. मावशीच्या वाड्याचं झालं ते असं: आधी नऊ बिऱ्हाडांना जागा, मग बिल्डरचा हिस्सा आणि उरलेल्यात 14 भाऊबंद. मावशीच्या वाट्याला वन रूम किचन आलं. रस्त्यालगतचे, दुकानं असलेले मोठे वाडे ज्यांचे होते, त्यांना चांगले पैसे मिळाले, हे खरं. पण तसे वाडे थोडे.

आता "पेशव्यांपासूनचा" पैसा. पेशवाई 1818 ला गेली. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनची, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या मंडळाची, चौकशी कडक झाली आणि सनद, म्हणजे हक्काचा कागद, दाखवता न आल्याने कितीतरी इनामं खालसा झाली. उरलेल्या जमिनींचं 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्याने कसणाऱ्यांच्या नावावर जाणं सुरू झालं. आमच्या आजोबांचीही गेली, आणि ते न्यायाचंच झालं असं मी मानते. 1948 साली गांधीहत्येनंतर गावची घरं जळाली म्हणून पुण्यात आलेली ब्राह्मण कुटुंबं तर पेठांत भाड्यानेच राहिली. आज त्यांच्या नातवंडांकडे बोट दाखवून "पिढीजात पैसेवाले" म्हणतात!

गाजावाजा न करणारा वारशाचा पैसा पुण्यात आहेच, पण त्यातला बराचसा नदीपलीकडे आहे. डेक्कन जिमखाना क्लब 1906 चा. पुढे त्याच्या आसपास आणि एरंडवण्यात प्लॉट पडले, ते वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी यांनी घेतले. म्हणजे हा पैसा पेशव्यांचा नव्हे, पगाराचा आणि वकिलीचा. तो टिकला याचं कारण मला साधं दिसतं: बंगल्यात मालक स्वतः राहिला, आठ-नऊ बिऱ्हाडं भरली नाहीत, त्यामुळे जमीन मोकळी राहिली. प्रभात रोडच्या गल्ल्यांत फाटकावर आजोबांचं नाव, आत आंब्याचं झाड आणि मुलं अमेरिकेत, अशी घरं अजून आहेत. कोरेगाव पार्काबद्दल वाद नाही. संस्थानिकांच्या प्लॉटांवर आता बरेचसे नंतर आलेले लोक राहतात.

विटका सदरा आणि जुनी स्कूटर यांवरून काहीच ठरत नाही. प्रभात रोडवरही लोक तसेच राहतात. तिथे ती आवड असेल, पेठेत बहुतेकदा नाइलाज असतो. मावशी रव्याची पिशवी उलटी करून झटकायची, ती काही ठेवी लपवायला नव्हे. अशा बाईला गल्लीतले लोक "तुम्ही काय, वाड्याचे मालक" म्हणत दुप्पट वर्गणी मागायचे.

राहिले "कालचे श्रीमंत". मला या मजकुरातलं सगळ्यात खटकलेलं वाक्य हेच. हडपसरच्या मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारेकशे एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा घेतला. ऊस आणि भाजीपाला पिकवणाऱ्या त्याच घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या होती. तिला भाव आला तो नवा, वारसा जुनाच. मुंढव्याच्या माझ्या मैत्रिणीकडे जुने फेरफार आहेत, त्यांत तिच्या पणजोबांचं नाव आहे. घरी गेलं की ती आधी परसातली मेथी खुडून पिशवीत भरते, मग चहा टाकते. जमिनीचं ती कधी बोलत नाही.